आधी बचाव, मग वार : ‘शिव्हल्री २’ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपासच्या एखाद्या गेमिंग कॅफेत संध्याकाळी शिरून, ‘शिव्हल्री २’ पहिल्यांदाच खेळणाऱ्या मुलाच्या खुर्चीमागे उभे राहिले, तर बहुतेक वेळा एकच प्रकार पाहायला मिळतो. माउसचे डावे बटण अखंड दाबले जात असते, पडद्यावरचा चिलखतधारी वीर तलवार गरागरा फिरवत गर्दीत घुसतो, आपल्याच बाजूच्या दोघांना जखमी करतो आणि मिनिटभरात धारातीर्थी पडतो. मग पुन्हा जन्म, पुन्हा धाव, पुन्हा तेच. या मुलाचा हात संथ असतो असे नाही; त्याला वार करता येतो, पण वार थांबवता येत नाही, एवढीच त्याची अडचण असते. म्हणून या लेखातील पायऱ्या बचावापासून सुरू होतात आणि आक्रमणाचे बारकावे मुद्दाम उशिरा येतात.

खेळाची ओळख थोडक्यात अशी. टोरांटोच्या टॉर्न बॅनर स्टुडिओजने तयार केलेला हा खेळ जून २०२१ मध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. पीसीवर तो आधी एपिकच्या ऑनलाइन दुकानात आणि वर्षभराने स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळू लागला. निळ्या रंगाचे अगाथा नाइट्स आणि लाल रंगाची मेसन ऑर्डर या दोन काल्पनिक सैन्यांत, एका वेळी चौसष्टपर्यंत खेळाडू घेऊन, लढाई होते. पीसीवरचा आणि कन्सोलवरचा खेळाडू एकाच मैदानात उतरू शकतो. शस्त्रे आणि चिलखते मध्ययुगीन युरोपच्या धर्तीची आहेत, त्यामुळे येथे दांडपट्टा शोधू नये. राज्ये, राजे आणि किल्ले मात्र सर्वस्वी कल्पित आहेत.

पहिली पायरी : सेटिंग आणि जोडणी

खेळ सुरू करण्याआधी अर्धा तास सेटिंगवर घालवावा. तलवारीच्या खेळात पिंग, म्हणजे तुमच्या संगणकाचा संदेश सर्व्हरपर्यंत (लढाई चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत) जाऊन परत यायला लागणारा मिलिसेकंदांतला वेळ, ही बंदुकीच्या खेळापेक्षाही जास्त महत्त्वाची बाब आहे, कारण ब्लॉक करायला, म्हणजे वार अडवायला, मिळणारा अवधी सेकंदाचा लहानसा अंश असतो आणि पिंग जास्त असेल तर समोरच्याचा वार तुमच्या पडद्यावर दिसेपर्यंत तो अवधी अर्धाअधिक संपलेला असतो. सर्व्हरच्या यादीत प्रत्येक सर्व्हरपुढे पिंग दिसते; नाव आकर्षक आहे किंवा गर्दी जास्त आहे म्हणून सर्व्हर न निवडता, आधी पिंग बघून निवडावा. माझ्या मते सतत दीडशे असलेली पिंग एक वेळ परवडते, कारण थोडे आधी ब्लॉक करण्याची सवय लावता येते. परंतु साठवरून अचानक दोनशेवर उडी मारणाऱ्या पिंगला कोणतीही सवय पुरत नाही. संध्याकाळी घरातील दूरदर्शन संचावर वायफायवरून मालिका चालू असेल आणि तुम्ही त्याच वायफायवर खेळत असाल, तर असेच होते. शक्य असेल तर राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल टाकावी. पावसाळ्यात शाहूपुरी, गोडोलीकडे वीज लपंडाव खेळू लागली की संगणकाला यूपीएस असूनही राउटर बंद पडतो आणि लढाई अर्ध्यात सुटते, तेव्हा राउटरचे कनेक्शनही त्याच यूपीएसवर घ्यावे.

दुसरी गोष्ट बटणांची. पीसीवर मुळात डाव्या बटणाने स्लॅश म्हणजे आडवा वार, माउसचे चाक वर फिरवल्यावर स्टॅब म्हणजे सरळ खुपसणे आणि चाक खाली फिरवल्यावर ओव्हरहेड म्हणजे डोक्यावरून खाली येणारा वार होतो. या खेळात प्रत्येक वार साधा किंवा जड असा दोन प्रकारे करता येतो आणि जड वारासाठी बटण दाबून धरावे लागते. चाकाचे फिरवणे तर असे धरून ठेवता येत नाही. म्हणून स्टॅब आणि ओव्हरहेड हे दोन्ही वार माउसच्या बाजूच्या बटणांवर, ती नसतील तर कीबोर्डवर हाताशी येणाऱ्या बटणांवर, पहिल्याच दिवशी आणून ठेवावेत. महिनाभराने हा बदल करायला गेलात तर बोटांना लागलेली जुनी सवय मोडताना फार त्रास होतो.

दृष्टिक्षेत्र, म्हणजे एफओव्ही, वाढवून घ्यावे, मोशन ब्लर, म्हणजे वेगाने वळताना चित्र धूसर करणारा परिणाम, बंद करावा, आणि माउसची संवेदनशीलता इतकी ठेवावी की हात एकदा सरकवल्यावर पूर्ण मागे वळता येईल. हा खेळ प्रथम पुरुषी आणि तृतीय पुरुषी अशा दोन्ही दृष्टींनी खेळता येतो. जाणकारांचे याबाबत एकमत नाही, पण नवख्याने सुरुवातीला तृतीय पुरुषी दृष्टी घ्यावी असे मी सुचवेन. पाठीमागून कोण येतो आहे हे तीत कळते, आणि सुरुवातीचे निम्मे मृत्यू पाठीवरच्या वारानेच होतात.

दुसरी पायरी : सरावाचे मैदान

खेळात ट्यूटोरियल आहे, ते पूर्ण करावे. पण एकदाच करून सोडून देऊ नये. तालमीत आलेल्या नव्या पोराला वस्ताद आधी जोर-बैठका काढायला लावतो आणि डाव नंतर शिकवतो, तसा येथेही ब्लॉक हा जोर-बैठकांचा भाग समजावा. संगणकाच्या बॉट्सविरुद्ध ऑफलाइन लढाई लावावी आणि पहिल्या काही फेऱ्यांत स्वतःहून पहिला वार करायचाच नाही, असा नियम घालून घ्यावा. बॉट येईल, वार करेल, तुम्ही ब्लॉक कराल आणि मगच उलट वार कराल. हे कंटाळवाणे आहे. तरी बॉटचे वार ठरावीक वेगाने येत असल्यामुळे शस्त्र उचलल्यापासून अंगावर येईपर्यंत किती वेळ जातो याचा अंदाज डोळ्यांना येथेच बसतो.

तिसरी पायरी : ब्लॉक, आणि पुन्हा ब्लॉक

या एका विषयावर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे. ब्लॉकचे बटण दाबले की तुमचे शस्त्र पुढे येते, परंतु ते सगळ्या अंगाला वाचवते असे समजू नये. तुम्ही ज्या दिशेला पाहत आहात त्या बाजूनेच ब्लॉक लागतो. त्यामुळे समोरच्याच्या तोंडाकडे पाहत बसण्यापेक्षा त्याच्या शस्त्राकडे, त्यातही अंगाला लागणाऱ्या पात्याकडे, नजर आणि माउस दोन्ही वळवावे लागतात. ढाल असेल तर ही कक्षा मोठी होते आणि बाणही अडतात, म्हणून अगदीच नवा खेळाडू ढाल घेऊन सुरुवात करत असेल तर त्यात कमीपणा मानू नये.

एक प्रसंग सावकाश पाहू. समोर मेसनचा नाइट आहे आणि त्याच्या हातात दोन्ही हातांनी पेलायची लांब मेसर तलवार आहे. त्याचा उजवा खांदा वर जातो, पाते डोक्याच्या मागे झुकते. हा ओव्हरहेड आहे. याच क्षणी नवखा ब्लॉक दाबून लगेच सोडतो, आणि नाइट मात्र कमरेतून किंचित बाजूला वळून पाते जरा उशिराने खाली आणतो, तेव्हा ब्लॉक सुटल्यानंतरच वार डोक्यात बसतो. या उशिरा आणलेल्या वाराला खेळाडू ड्रॅग म्हणतात, आणि उलट दिशेने वळून वार लवकर बसवला तर त्याला अ‍ॅक्सेल म्हणतात. या दोन्हींवर नवख्यासाठी उत्तर एकच आहे : ‘शिव्हल्री २’मध्ये ब्लॉक दाबून धरता येतो, तेव्हा पाते तुमच्या शस्त्रावर आदळल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत तो धरून ठेवावा. आवाज आला की क्षणाचाही विलंब न करता वार करावा. ब्लॉकनंतर लगेच केलेल्या या उलट वाराला रिपोस्ट म्हणतात. त्याचे मोठे वैशिष्ट्य असे की हात मागे जाऊन पुढे येईपर्यंतच्या काळात तो तुमचे रक्षणही करतो, म्हणून एकट्याने दोघांना तोंड देताना रिपोस्टसारखा आधार नाही.

मात्र दाबून धरलेल्या ब्लॉकची किंमत स्टॅमिनातून, म्हणजे तुमच्या वीराच्या दमातून, वसूल होते. प्रत्येक अडवलेला वार स्टॅमिना खातो, जड वार अधिक खातो, आणि स्टॅमिना संपलेला असताना आणखी एक वार ब्लॉकवर घेतला तर हातातले शस्त्रच गळून पडते. हुकलेला वारही स्टॅमिना घेतो. ही गोष्ट ज्याला कळली तो हवेत तलवार फिरवणे आपोआप कमी करतो. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यातील रक्ताच्या पट्टीइतकेच स्टॅमिनाच्या पट्टीवर लक्ष असावे, आणि ती पाव भागावर आली की चार पावले मागे सरून ती भरू द्यावी. मागे सरणाऱ्याला भित्रा म्हणणारे म्हणोत.

याच संदर्भात एक नियम पाठच करून ठेवावा. तुम्हाला मार बसला की रागाने उलट वार करू नका, ब्लॉक करा. ज्याचा वार बसला त्याच्याकडे पुढच्या वाराचा अधिकार येतो, खेळाडू त्याला इनिशिएटिव्ह म्हणतात, आणि त्याचा दुसरा वार तुमच्या वारापेक्षा आधी पोचतो. नवख्यांचे मृत्यू नीट पाहिले तर पहिल्या वाराने फारसे कोणी मरत नाही. पहिला वार खाऊन चिडून केलेल्या उलट वाराच्या मध्यावर मरतात.

चौथी पायरी : अंतर

प्रत्येक शस्त्राची एक पोच असते आणि त्या पोचेच्या शेवटच्या वीतभर भागात राहून लढणे हे या खेळातले निम्मे कौशल्य आहे. २०२४ च्या जुलैत लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली, तेव्हा ती पाहायला गेलेल्यांना त्यांचा लहानसा आकार लक्षात आला असेल. तसले शस्त्र मिठीच्या अंतरावरच चालते, आणि १६५९ मध्ये प्रतापगडाखाली भेट ठरली होती ती तशाच अंतरावरची. खेळातही खंजीर घेतलेल्याने अंगाशी भिडायचे असते आणि भाला घेतलेल्याने त्याला अंगाशी येऊ द्यायचे नसते. भालाइत जवळ येऊ देतो आणि खंजीरवाला लांबून हात चालवतो, तेव्हा दोघेही आपले शस्त्र वाया घालवतात.

सराव असा करावा : सरावाच्या मैदानात बॉटसमोर उभे राहून एक पाऊल मागे जात जात वार करून पाहावा, कोणत्या अंतरावर पाते जेमतेम लागते ते डोळ्यांत बसवावे, आणि मग लढाईत समोरच्याचा वार सुरू होताच अर्धे पाऊल मागे घेऊन तो हुकवावा. हुकलेल्या वाराने त्याचा स्टॅमिना जातो आणि तुमचा वार मोकळ्या अंगावर बसतो. आडवा वार खाली बसूनही चुकवता येतो, पण हे चमत्कार सध्या दुसऱ्यांना करू द्यावेत.

पाचवी पायरी : वर्ग आणि शस्त्र

खेळात चार मुख्य वर्ग आहेत : आर्चर, व्हॅनगार्ड, फूटमन आणि नाइट. प्रत्येकाचे तीन उपवर्ग आहेत व ते खेळत गेल्यावर उघडतात. नाइट सर्वांत दणकट व संथ, फूटमन त्याखालोखाल, व्हॅनगार्ड चपळ पण नाजूक, आणि आर्चर सर्वांत नाजूक. नवख्याने नाइटचा ऑफिसर किंवा फूटमनचा पोलमन घ्यावा. ऑफिसरला लाँगसोर्ड मिळते, जी वेग, पोच आणि मार या तिन्हींत मध्यम आहे आणि म्हणून शिकायला उत्तम. शिवाय त्याचे कर्णे वाजवणे आसपासच्या आपल्या लोकांच्या जखमा भरते, त्यामुळे लढता आले नाही तरी उपयोग होतो. पोलमनला लांब दांड्याची शस्त्रे मिळतात आणि मित्रांना फेकून देता येणाऱ्या मलमपट्ट्या मिळतात.

आर्चरविषयी स्पष्ट सांगणे भाग आहे. लांब उभे राहून बाण मारणे सुरक्षित वाटते म्हणून अनेक जण तेथूनच सुरुवात करतात, आणि वीस तास खेळूनही त्यांना ब्लॉक येत नाही, कारण ब्लॉक करण्याची वेळच त्यांच्यावर येत नाही. त्यात त्यांचे बाण आपल्याच माणसांच्या पाठीत जातात. आर्चर वाईट वर्ग नाही, पण तो दुसऱ्या महिन्यातला वर्ग आहे.

शस्त्राचा मार तीन प्रकारचा असतो. तलवारी कापतात, कुऱ्हाडी तोडतात, गदा आणि हातोडे ठेचतात. आर्चर आणि व्हॅनगार्डसारख्या हलक्या चिलखताच्या लोकांवर तिन्ही मार सारखेच चालतात, पण फूटमन आणि नाइटवर तोडणारे व त्याहूनही ठेचणारे शस्त्र जास्त मारते. यामागे इतिहासाचा आधार आहे. पोलादी पत्र्याचे चिलखत तलवारीच्या धारेने कापले जात नसे, म्हणून त्याविरुद्ध हातोडे आणि पोलअ‍ॅक्स म्हणजे लांब दांड्याच्या कुऱ्हाडी वापरात आल्या. जाता जाता एक गैरसमज दूर करतो : खरी लाँगसोर्ड दहा-बारा किलोची नसे, साधारण दीड किलोच्या आसपास असे, तेव्हा खेळातील तलवार चपळ आहे ही तक्रार व्यर्थ आहे.

एक वर्ग आणि एक शस्त्र ठरवले की निदान दोन आठवडे ते बदलू नये. हरल्यावर दर वेळी शस्त्र बदलणाऱ्याच्या डोळ्यांत कोणत्याच शस्त्राची पोच आणि वेग बसत नाही.

सहावी पायरी : कौंटर, हूल, लाथ

ब्लॉक आणि रिपोस्ट विचार न करता होऊ लागले की मगच येथे यावे. कौंटर म्हणजे समोरचा ज्या प्रकारचा वार करतो आहे त्याच प्रकारचा वार सुरू करून, त्याचे पाते पोचण्याच्या बेतात असताना ब्लॉक दाबणे. त्याचा ओव्हरहेड असेल तर तुमचाही ओव्हरहेड, स्टॅब असेल तर स्टॅब. जमले तर साध्या ब्लॉकपेक्षा स्टॅमिनाचा हिशेब तुमच्या बाजूने वळतो. प्रकार चुकला तरी नुसता ब्लॉक म्हणून तो वार अडवता येतो, म्हणून प्रयत्न करायला हरकत नाही. सुरुवात ओव्हरहेडपासून करावी, कारण तो ओळखायला सर्वांत सोपा आहे.

हूल, जिला खेळाडू फेंट म्हणतात, ती म्हणजे सुरू केलेला वार मध्येच सोडून दुसरा करणे. ती स्टॅमिना खाते आणि जो तुमच्या वाराकडे पाहून ब्लॉक करतो त्यालाच फसवते. नवख्यासमोर नवखा असेल तर तो तुमच्याकडे पाहतच नसतो, तेव्हा हूल वाया जाते. सुरुवातीच्या पातळीवर लाथ फार जास्त उपयोगी आहे : जो ढालीआड ब्लॉक धरून बसला आहे त्याला लाथ मारली की त्याचा बचाव उघडा पडतो. याच्या उलट, जो वारामागून वार करत सुटला आहे त्याच्यावर जॅब म्हणजे जवळून दिलेला झटपट ठोसा चालतो. त्याचा सुरू झालेला वार तेथेच मोडतो. थोडक्यात, बसून राहणाऱ्याला लाथ, सुटलेल्याला जॅब.

सातवी पायरी : गर्दीत आणि मोहिमेवर

चौसष्ट जणांच्या लढाईत एकास एक द्वंद्व क्वचितच होते, आणि तुमच्या शस्त्राने आपल्या लोकांनाही जखम होते हे कधीही विसरू नये. डावी-उजवीकडे आपली माणसे असतील तर आडवा वार टाळावा आणि स्टॅब किंवा ओव्हरहेड वापरावा. अरुंद जिन्यात भिंतीला पाते अडते तेथेही हाच नियम. आपला एक माणूस शत्रूशी झुंजत असेल तर त्याच्यामागून आडवे घुसण्याऐवजी शत्रूच्या बगलेकडे वळसा घालून जावे. उलट तीन शत्रू तुमच्यावर आले तर गोल फिरत असे सरकावे की तिघेही एकाच बाजूला, शक्यतो एकामागे एक राहतील, आणि आपल्या माणसांच्या दिशेने मागे हटत राहावे. एकट्याने तिघांना मारण्याचे व्हिडिओ यूट्यूबवर पुष्कळ आहेत. ते हजार तास खेळलेल्यांचे असतात.

संघाच्या मोहिमांमध्ये, म्हणजे टीम ऑब्जेक्टिव्हमध्ये, प्रत्येक टप्प्याचे काम ठरलेले असते. रुडहेल्मच्या वेढ्यात हल्लेखोरांना चाकांवरचे मनोरे तटापर्यंत ढकलत न्यावे लागतात, इतर मैदानांत कोठे आग लावायची असते, कोठे दरवाजा फोडायचा असतो. नवखा खेळाडू येथेच सर्वांत जास्त कामाचा ठरतो : मनोरा ढकलायला द्वंद्वाचे कौशल्य लागत नाही, माणसे लागतात. तेव्हा लढाई पाहून तिकडे धावण्याऐवजी पडद्यावरची खूण पाहून कामाच्या जागी जावे.

मलमपट्टी एकच मिळते, ती शत्रू समोर उभा असताना बांधायला घेऊ नये. ओट्याआड किंवा भिंतीआड जाऊन बांधावी. मैदानात जागोजागी सामानाच्या पेट्या असतात, त्यांतून मलमपट्टी आणि फेकायची हत्यारे पुन्हा भरून मिळतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत त्यांच्या जागा पाहून ठेवाव्यात. जखमी होऊन जमिनीवर कोसळलात तरी कधी कधी काही क्षण सरपटता येते, आणि तेवढ्यात आपल्यापैकी कोणी येऊन उठवू शकतो. तसाच तुमच्या पायाशी पडलेला सोबती दिसला तर आधी समोरचा शत्रू हटवून मग त्याला उठवावे. हातातले शस्त्र गळाले तर घाबरू नये, जमिनीवर शस्त्रे पसरलेलीच असतात, आणि नसतील तर खुर्ची, कोंबडी, तुटलेले मुंडके, जे हाती येईल ते फेकता येते. कोंबडी फेकून कोणी जिंकत नाही, पण समोरचा चमकून क्षणभर थांबतो.

आरोळीचे एक वेगळे बटण आहे. ते दाबण्याने लढाईचे पारडे फिरत नाही, परंतु धावून जाताना सगळे जण दाबतात आणि तुम्हीही दाबाल. फक्त शत्रूच्या पाठीमागून दबक्या पावलांनी जाताना दाबू नये, एवढे भान असावे.

एवढे अंगवळणी पडल्यावर सर्व्हरच्या यादीतून द्वंद्वासाठीचे सर्व्हर शोधावेत. तेथे दोन जण लढत असताना तिसऱ्याने हात घालणे असभ्य मानले जाते. ज्याच्याशी लढायचे त्याच्यासमोर उभे राहून शस्त्र हलवून खूण करावी आणि त्याने तशीच खूण केल्यावरच सुरुवात करावी. आपल्याहून बऱ्या खेळाडूकडून सलग पाच-सहा वेळा हरावे लागले तरी तेथून निघू नये, आणि शक्य असेल तर चॅटवर त्यालाच विचारावे की माझा कोणता वार तुला आधीच कळतो. बहुतेक जण खरे उत्तर देतात.